चार भोकांचा दगड

जुन्या मोटारींचे सुटे भाग विकणं हा माझा धंदा. समोरच्यानं सांगितलेला भाव हा माझ्या लेखी भाव नसतो, ती बोलायला केलेली सुरुवात असते. पस्तीस वर्षांत पहिल्याच भावाला माझे खरेदीचे दोनच सौदे झाले. एक म्हशीचा, एक गाळ्याचा. म्हशीच्या वेळी समोरच्याचा पहिला भाव मला द्यावा लागला. गाळ्याच्या वेळी माझा पहिला भाव समोरच्यानं 'बरं' म्हणून घेतला. यातलं दुसरं दुखणं जास्त वाईट. पहिल्याच भावाला समोरचा 'बरं' म्हणाला, की आपण आणखी किती खाली जाऊ शकलो असतो हा किडा डोक्यात शिरतो आणि मरेपर्यंत बाहेर येत नाही.

दोन्ही सौद्यांत मधे एकच माणूस होता, माझे गाळामालक. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मी मूळचा गडमुडशिंगीचा. सायकलवरून गावोगाव भंगार गोळा करत सुरुवात केली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रंकाळ्याकडून बाहेर जाणाऱ्या रस्त्यावर मालकांचा गाळा भाड्यानं घेतला. बोलणी करायला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा समोर बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडा होता. आत काळे खडे. औषधाला ठेवतात तसला जुना गूळ असेल, असं समजून मी बोलता बोलता एक खडा तोंडात टाकला. बोलणी करताना समोरच्याच्या घरचं काहीतरी खावं, त्यानं माणूस सैल पडतो, हा माझा नियम.

मालक शांतपणे बघत होते. म्हणाले, "चावू नका. दुसऱ्या मैलाचं हाय त्ये."

डांबर होतं. मी उठून बाहेर धावलो, तर मागून आवाज आला, "थुका, पण हातात थुका. दुसऱ्या मैलाचे दोनच खडे हायत माझ्याकडं."

तोंडात डांबर असताना माणसाला भाडं कमी करता येत नाही. त्यांनी सांगितलं त्याला मान डोलावली, भाडेपट्ट्यावर सही केली आणि बाहेर पडलो.

मालक रस्तेखात्यात रोडकारकून होते. मजुरांची हजेरी घ्यायची, खडीचे ढीग मोजायचे. नोकरीत असताना त्यांना जुन्या दप्तरात एक नोंद दिसली होती. संस्थानच्या काळातला बारा मैलांचा मोटररोड, राधानगरीच्या अंगाला जाणारा, आणि त्यावर तांबड्या शाईत एकच शब्द, 'रद्द'. पुढं नदीच्या दुसऱ्या अंगानं सरळ रस्ता झाला आणि हा सोडून दिला. मालकांचे वडील त्याच रस्त्यावरच्या सर्व्हिस मोटारीवर, म्हणजे तेव्हाच्या प्रवासी गाडीवर, क्लीनर होते, त्यामुळं तो होता हे यांना घरातूनच ठाऊक. त्यांनी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, असा रस्ता नव्हताच. असता तर नकाशात असता.

"रस्ता रद्द हुतो व्हय? त्यो काय यष्टीचं तिकीट हाय?" हे मी मालकांच्या तोंडून निदान दोनशे वेळा ऐकलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी रस्ता शोधायला घेतला. सायकलच्या पुढच्या चाकाच्या एका तारेला तांबडी चिंधी बांधायची आणि सायकल हातात धरून चालायचं. चिंधी किती वेळा वर आली ते मोजायचं, की मैल झाला. उसाच्या रानात शिरले की चपला काढून काखेत. तळव्याला जुनी खडी लागते, म्हणायचे, पायाला डोळ्यापेक्षा जास्त कळतं. काळा खडा सापडला की काडी ओढून त्याला लावायची आणि वास घ्यायचा. डांबराचा वास आला तर डब्यात, नाही तर शिवी देऊन उसात. बैलगाडीची वाट आणि मोटारीचा रस्ता ते नुसत्या चढावरून ओळखत. "बैल सरळ चढतो. मोटारीला वळणं घालून न्यावी लागती, नवरीवानी."

मला ते पहिल्या दिवसापासून 'पावणं' म्हणत. मी एकदा म्हटलं, "मालक, सहा वर्षं झाली, आता तरी पावणं म्हणू नका." तर म्हणाले, "भाडेकरू कदी ना कदी जातोच की."

हेच तर मला नको होतं. तो गाळा मला विकत हवा होता. गाळ्यामागं मोकळी जागा होती. तिथं चार गाड्या खोलून ठेवता आल्या असत्या. शिवाय धंदा जम धरत होता आणि मालकांना मूलबाळ नव्हतं. उद्या कुणी पुतण्या उगवला तर माझं सगळं दुकान रस्त्यावर. मी विषय काढला. भाव सांगायच्या तयारीत होतो, तर मालकांनी भाव विचारलाच नाही.

"गाळा तुमालाच दीन," ते म्हणाले. "पर बारा मैल सापडल्यावर. तीन झाल्यात. तुमची जीप हाय न्हवं?"

पाच मोडक्या जिपांमधून मी एक चालती जीप जोडली होती. त्यानंतर आठ वर्षं ती दर रविवारी त्या रद्द रस्त्यावर गेली.

पहिल्याच रविवारी त्यांनी मला तिसऱ्या मैलाचा दगड दाखवला. घाणेरीच्या झुडपात कमरेएवढा काळा दगड. मागच्या बाजूला पाथरवटानं खुणेसाठी तीन उभ्या रेघा मारलेल्या. पुढच्या बाजूला चार कोपऱ्यांत चार भोकं.

"हितं बिडाची पाटी हुती," मालक म्हणाले. "मैलाचा आकडा वतलेली. कुनीतरी काढून न्हेली. बाराच्या बारा."

मी त्या भोकांकडं बघितलं आणि दगड ओळखला. ती पाटी मी काढली होती.

भंगार गोळा करायच्या दिवसांत, हिवाळ्याचे दोन महिने, सायकलला छिन्नी-हातोडा बांधून मी त्या रानात फिरलो होतो. बिडाच्या वजनदार पाट्या, कुणाच्या मालकीच्या नाहीत, विचारणारं कुणी नाही. एका खेपेला एक. अकरा पाट्या फौंड्रीत वितळल्या आणि त्या पैशातून मी पहिल्यांदा एक मोडका इंजिन ब्लॉक विकत घेतला. माझा सगळा धंदा त्या मोटररोडवर उभा होता.

मालक दगडासमोर उकिडवे बसले होते. बोटानं एकेक भोक चाचपत म्हणाले, "ज्यानं काढल्या त्यो डावरा हुता. छिन्नीचं घाव बघा, सगळं उलट्या अंगानं उतरल्यात."

मी डावखुरा आहे.

तिथून माझे हाल सुरू झाले. जेवण उजव्या हातानं होतं, ते आईनं लहानपणीच चिमटे काढून शिकवलं होतं. जीपचा गिअर डाव्याच हातानं टाकायचा असतो, त्यामुळं गाडीत मी सुरक्षित होतो. बाकी सगळी पंचाईत. मालक गाळ्यासमोरच्या दगडी ओट्यावर येऊन बसले, की मी पाना डाव्या हातातून उजव्यात घ्यायचो. नट सुटायचा, पाना निसटायचा आणि पायाच्या अंगठ्यावर पडायचा. पावती पहिलीतल्या पोरासारखी लिहायचो. एका गिऱ्हाइकानं काळजीनं विचारलं, "डाव्या हातावरनं वारं गेलंय काय हो?" मी त्याला दुकानातून हाकललं. तो परत आला नाही. हे नुकसानही मी मालकांच्या नावावर धरतो.

मालक ओट्यावर बसून सगळं बघत असायचे. त्या ओट्याबद्दल त्यांचं म्हणणं होतं, की सर्व्हिस मोटार इथूनच सुटायची, रस्त्याचा शून्य मैल तो हाच. मी म्हणायचो, "असंल की." माझं लक्ष मागच्या मोकळ्या जागेवर होतं.

आता म्हशीचं सांगतो.

सहा मैल झाले होते, आठवाही सापडला होता. सातवा मिळेना. शेवटी कळलं, की एका शेतकऱ्याच्या आज्यानं तो वळणावरून ओढून नेऊन गोठ्यात पुरलाय आणि त्याला म्हैस बांधतात. मालकांना सापडलेला प्रत्येक दगड मूळ जागी उभा करायचा असायचा. म्हणजे दगड उचलून आणणं आलं.

मी जीपमध्येच त्यांना बजावलं, "मालक, तुमी गाडीतनं उतरायचं न्हाय. जी जिन्नस पाहिजे तिच्याकडं बघायचं नसतंय. शेजारच्या जिनसंकडं बघायचं."

"कळलं," मालक म्हणाले.

मी आत गेलो आणि म्हशीचा भाव विचारला. शेतकऱ्यानं सांगितला. मी हसलो. तिचे दात बघितले, शिंगं मोजली, शेपटीला नावं ठेवली. तासाभरात निम्म्यावर आणला. त्यालाही घाम फुटला होता, मला मजा येत होती. आता म्हैस नको म्हणून वळायचं, दोन पावलं जायचं, आणि मग 'बरं जाऊ दे, तो दगड तरी टाक गाडीत, उंबऱ्याला घालतो' असं म्हणायचं, एवढंच राहिलं होतं. मी वळलोही.

तेवढ्यात मालक आत शिरले. गाडीतून त्यांना दगडाची मागची बाजू दिसली होती. सरळ गेले, म्हशीला बाजूला ढकललं आणि शेणात गुडघे टेकून दगडाला मिठी मारली.

"सात रेघा! पावणं, सात रेघा हायत! कुठं हुतास रं बाबा!"

शेतकऱ्यानं दगडाकडं बघितलं, मालकांकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याचा घाम क्षणात वाळला.

"दगडाला म्हस बांदलीया," तो म्हणाला. "दगूड पाहिजे तर म्हशीसकट. आन् भाव पयलाच."

माझं डोकं फिरलं. पायातली चप्पल काढून मी त्याच्या अंगावर धावलो. मालकांनी दगड सोडून माझा उगारलेला हात वरच्या वर धरला. "राहू द्या, राहू द्या पावणं," म्हणाले, आणि हात थोडा जास्तच वेळ धरून ठेवला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "सातवा न्हाय मिळाला तर बारा हुनार न्हाईत. बारा न्हाईत तर गाळा न्हाय."

त्या दिवशी दगड जीपमध्ये आणि म्हैस जीपमागं चालत, असे आम्ही पाच तासांत घरी आलो. बायको दारात उभी होती.

"गाळा आणतो म्हणून गेलासा," ती म्हणाली, "आणि ही काय गाळ्यात बसनार हाय व्हय?"

म्हैस लाथ मारायची. दूध द्यायची, पण फक्त आईला.

दोन हजार साल उलटलं. अकरा दगड उभे राहिले. बारावा मात्र कायमचा गेला होता. चौकशीत कळलं, की तो अलीकडंच फोडून एका गावच्या रस्त्याच्या खडीत घातला. तिथं आता ऊस होता, ना दगड ना रेघा. मालक वहीत बघत बसायचे. थकलेही होते, चालताना धाप लागायची.

"दगूड खडीत गेला," म्हणायचे. "पाटी घावली असती तरी चाललं असतं. पर त्या डावऱ्यानं कुठं काय ठेवलंय."

इथं मी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. अकरा पाट्या फौंड्रीत गेल्या, असं मी वर म्हटलं. बारावी माझ्या घरी होती. परसात धुण्याच्या दगडाशेजारी गटारीचं तोंड उघडं होतं, त्यावर आईनं ती झाकण म्हणून पालथी घातली होती. वीस-बावीस वर्षं तिच्यावरून आमच्या घरच्या धुण्याचं पाणी वाहत होतं.

पाटी दिली तर बारा मैल पुरे होतात आणि गाळा मिळतो. पाटी दिली तर चोर मीच, हे उघडं पडतं आणि गाळा जातो. आयुष्यात कितीतरी सौदे केले, पण एकच वस्तू दोन्ही पारड्यांत, असा सौदा कधी समोर आला नव्हता. आठवडाभर मी सगळ्यांवर ओरडत होतो, म्हशीवरसुद्धा.

मग एका बुधवारी सकाळी पाटी उचलली, जीपच्या मीटरवर अंतर मोजलं, उसाच्या बांधाला एका बाभळीखाली वीतभर खोल पुरली आणि वर पालापाचोळा टाकला. रविवारी मालकांना घेऊन गेलो.

मालक अनवाणी चालत त्या जागेवरून गेले. थांबले नाहीत. पुढं जाऊन परत आले, पुन्हा तिच्यावरूनच गेले.

"मालक, हितं जरा बघा की," मी म्हणालो.

"हितं न्हाय. बारावा मैल पन्नास पावलं फुडं येतो."

"पन्नास कशी? दहा-पंधरा म्हणा."

"चाकानं मोजलंय मी. पन्नास."

"चाकात हवा कमी असंल. वीस पावलं धरा, माझं आयका."

"पावणं," मालक थांबले, "मैलाची बी घासाघीस करताय व्हय?"

दुसरा उपाय नव्हता. मी बाभळीखाली ठेच लागल्यासारखा पडलो आणि मोठ्यानं ओरडलो. मालक आले. काठीनं उकरलं, मग हातानं. पाटी वर आली. त्यांनी ती धोतराच्या सोग्यानं पुसली. बाराचा आकडा. मला वाटलं आता नाचतील, सातव्याला तर मिठी मारली होती. ते खाली बसले. पाटी नाकाजवळ नेली, वास घेतला. पुन्हा एकदा घेतला.

"घावला की, पावणं," शेवटी म्हणाले. मग उठले, पाटी उराशी धरली, मोजून पन्नास पावलं पुढं गेले आणि ती तिथं मातीत रोवली.

परत येताना जीपमध्ये त्यांनी विचारलं, "बोला. गाळ्याला काय भाव?"

मी लाज वाटेल इतका खालचा आकडा सांगितला. इथून ते वर ओढतील, मी थोडं सोडीन, दोन-तीन महिने रंगेल, असा हिशेब होता.

"बरं," मालक म्हणाले आणि बाहेर ऊस बघू लागले.

इतकं वाईट मला म्हशीच्या वेळीही वाटलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी रजिस्टर कचेरीत गेलो. मालकांनी दस्त आधीच लिहून घेतला होता. त्यांनी सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला. मी उजव्या हातात पेन धरलं आणि नेहमीप्रमाणं कोंबडीचे पाय काढायला लागलो.

"अंगठा बी डावाच लावायचा हाय," टेबलापलीकडचा कारकून म्हणाला.

"आयकलंसा न्हवं?" मालक म्हणाले. "सही बी डाव्यानं करा की आता. बारा मैल झालं."

माझ्या हातातलं पेन तिथंच थांबलं. मी विचारलं, "कधीपास्नं ठाऊक हाय?"

"भाडेपट्ट्यावर सही केलीसा, तवा संशय. पाना उजव्या हातात घ्यायला लागलासा, तवा जास्त संशय. खात्री म्हशीच्या वक्ताला पटली. चप्पल कुठल्या हातात हुती? रागात मानूस आपला खरा हात काढतोय." मग थोडं थांबून म्हणाले, "आन् तुमच्या घरचा साबन चांगला हाय. पाटीला मस्त वास येत हुता."

"मग बोलला का न्हाय? आठ वर्षं?"

"बोललो असतो तर जीप कुनी दिली असती?"

कारकून हसला. मी त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं मान खाली घातली. मग डाव्या हातात पेन घेऊन आठ वर्षांनी मालकांसमोर सरळ सही केली. सही करण्याआधी दस्त वाचायला हवा होता. रागाच्या भरात मी, कागदाच्या चिटोऱ्यावरचा मजकूरही दोनदा वाचणारा माणूस, न वाचता सही केली.

घरी आल्यावर वाचला. गाळ्याच्या चारी बाजूंना काय आहे ते जिथं लिहितात, तिथं उत्तरेला शेजाऱ्याचं घर होतं, दक्षिणेला बोळ, पूर्वेला विहीर. आणि पश्चिमेला, ओट्याच्या बाजूला, लिहिलं होतं, 'जुना मोटररोड, लांबी बारा मैल, मैल शून्य.' खाली मालकांची सही, माझी सही आणि वर सरकारी शिक्का.

मी तसाच त्यांच्या घरी गेलो. ते डब्यातले खडे फडक्यावर मांडून बसले होते.

"हे काय लिवलंय?"

"साहेब म्हनला हुता, असा रस्ता न्हवताच," मालक म्हणाले. "आता हाय. सरकारी कागदावर. खरेदीदार बी कबूल झालाय, डाव्या हातानं."

"मग आठ वर्षांपूर्वीच लिवायचं हुतं की!"

"बारा झाल्याबिगर बारा कसं लिवनार? मी रोडकारकून हाय. हजर नसल्याली हजेरी मी कदी लावली न्हाय."

त्यानंतर ते दीडेक वर्षच होते. तेवढ्या काळात ते एकदाही मला पावणं म्हणाले नाहीत. 'मालक' म्हणायचे, गाळा माझा झाला म्हणून. मला ते ऐकवायचं नाही.

गाळा आता माझा आहे. मागच्या जागेत सहा गाड्या राहतात. पश्चिमेचा ओटा मुलगा काढू या म्हणतो, गाड्या लावायला अडचण होते. मी काढू देत नाही. काढला तर दस्त खोटा पडेल, असं त्याला सांगतो. संध्याकाळी मी स्वतः तिथं बसतो, चहाचा कप अजून उजव्याच हातात येतो. आणि रोज मनात तोच हिशेब सुरू होतो. त्या म्हाताऱ्याला हा कागद एवढा हवा होता, हे मला जीपमध्ये ठाऊक असतं, तर मी आणखी किती खाली गेलो असतो? आकडा कधीच निघत नाही. दरवेळी बारा मैलांवर जाऊन थांबतो.